गाडीघोडा : उभी गाडी का तापते?

दिवाळी तोंडावर आली की पितळी भांड्यांना चिंच लागते, कोळिष्टके निघतात, आणि वर्षभर पोर्चमध्ये कापडाखाली उभ्या असलेल्या जुन्या गाडीची घरात कुणाला तरी आठवण होते. नवी गाडी थोरल्याने पुण्याला नेलेली असते. भाऊबीजेला जालना तर गाठायचेच असते. मग कापड निघते, बॅटरी चार्ज होऊन येते, हार-कुंकू होते, आणि फराळाचे डबे मांडीवर घेऊन मंडळी निघतात. मुकुंदवाडीच्या गर्दीत गाडी पाच मिनिटे उभी राहते न राहते तोच तापमानाचा काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागतो. समोर पहिले गॅरेज दिसते. मिस्त्री बॉनेट उघडतो, डोकावतो आणि निकाल देतो, "फॅन गेला साहेब. नवा टाकावा लागेल."

गेला असेलही. पण वाचकहो, जुन्या गाड्यांचे जितके पंखे बदलले जातात तितके खरोखर बिघडलेले असतात असे मात्र नाही. आणि जे खरोखर बदलायला हवेत ते पुष्कळदा ठोकून, वाकवून, एम-सील लावून पुन्हा बसवले जातात. या दोन्ही उलट्या व्यवहारांचा हिशेब यंदा मांडावा असे ठरवले आहे.

गाडी कुठल्याही गावी तापते. तरी आम्ही चिकलठाण्याचेच उदाहरण घेत आहोत, आणि त्याला कारण आहे. छत्रपती संभाजीनगरचा पारा किती चढला हे वर्तमानपत्रे रोज छापतात, तो आकडा चिकलठाण्याच्या वेधशाळेचा असतो. म्हणजे शहराचा ताप मोजण्याची जागाच ही. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणे येथे नवलाचे नाही, आणि ऑक्टोबरचे ऊनही काही कमी नसते. शेजारी विमानतळ, पाठीशी औद्योगिक वसाहत, समोरून जाणारा जालना रस्ता. पाळी सुटण्याच्या वेळी त्या रस्त्यावर गाडी चालवणे म्हणजे चालवण्यापेक्षा उभे राहणेच अधिक. याच रस्त्याने थोडे पुढे शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळू लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये तर याच शहरातील हौशी मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या होत्या, ते अनेकांना आठवत असेल. त्या गावातही पंचवीस-तीस वर्षांच्या मारुत्या आणि जिवापाड जपलेल्या पद्मिन्या दिसतात, आणि आमचा जीव आपला त्यांच्यातच अडकलेला.

आता थोडे शास्त्र. पेट्रोल जळून जी शक्ती निर्माण होते तिच्यातील जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. साधारण तिसरा हिस्सा धुरांड्यातून निघून जातो आणि जवळजवळ तेवढीच उष्णता इंजिनाभोवतीच्या पाण्याला वाहून न्यावी लागते. ते पाणी पंपाच्या जोरावर इंजिनातून रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून वाहताना वाऱ्याने निवते आणि परत इंजिनात जाते. संभाजीनगरकरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. तुमच्या पाणचक्कीत वाहते पाणी चाक फिरवते. मोटारीत चाक फिरते ते पाणी थंड करण्यासाठी. इतकाच फरक.

समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळते. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंच. येथे ते सुमारे ९८ अंशांनाच उकळू लागते. म्हणून रेडिएटरला साधे झाकण नसते, दाब धरून ठेवणारे झाकण असते. घरातील कुकरचे तत्त्व तेच. दाब वाढला की उकळणे लांबते आणि पाणी ११५-१२० अंशांपर्यंत पाणीच राहते. हे झाकण सैल झाले, त्याचे रबर कडक पडले, की पंखा कितीही जोरात फिरो, गाडी उकळणारच. पंख्याच्या मानाने झाकणाची किंमत किरकोळ. तपासताना आधी ते पाहावे.

मग पंख्याचे काम नेमके केव्हा? हे एकदा नीट समजले की निम्मे निदान गृहिणीसुद्धा मागच्या सीटवर बसून करू शकेल. गाडी ५०-६० च्या वेगाने धावत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो. पंखा नसला तरी चालते. पंख्याची गरज लागते ती गाडी उभी असताना किंवा मुंगीच्या पावलाने चालताना. तेव्हा गाडी जर सिग्नलला तापत असेल, आणि करमाडच्या मोकळ्या रस्त्याला लागताच काटा खाली येत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. उलट शहरात ठीक, आणि बदनापूरकडे वेगाने जाताना काटा चढतो, असे असेल तर पंख्याला हात लावू नये. रेडिएटर आतून चोंदला आहे, पाणी कमी आहे, नाही तर पंप नीट पाणी फिरवत नाही. दोन्ही ठिकाणी तापत असेल तर प्रकरण अधिक गंभीर.

घाटाची गोष्ट वेगळी. कन्नडहून चाळीसगावकडे जाणारा औट्रम घाट घ्या. वाहनांची रांग लागली की वर चढणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत राहते. इंजिन जोरात, वारा जवळजवळ नाही. सगळा भार एकट्या पंख्यावर. सपाटीवर महिनोन्महिने लपलेला पंख्याचा अशक्तपणा घाटातच उघडा पडतो, आणि तोही मुलेबाळे गाडीत असताना. म्हणून घाटाच्या प्रवासाआधी गाडी दारात दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून काट्यावर नजर ठेवावी. काटा मध्यापर्यंत येतो, पंखा सुरू होतो, काटा किंचित उतरतो, पंखा थांबतो. हे चक्र दोनदा पाहिले की निर्धास्त निघावे.

हे चक्र अर्थात विजेच्या पंख्याचे. आपल्याकडील जुन्या गाड्यांत दोन घराणी आहेत. पहिले फियाट आणि ॲम्बॅसेडरचे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९७० च्या दशकात तिचे नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती सर्वांच्या परिचयाची. तशा शेवटच्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला. या घराण्यात पंखा पाण्याच्या पंपाच्या पुलीवर बसवलेला, आणि इंजिनावरून आलेला पट्टा दोघांनाही फिरवतो. दुसरे घराणे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे. तिचे इंजिन आडवे. त्याचा दांडा गाडीच्या एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे जातो, रेडिएटर मात्र समोर तोंड करून बसतो. मग पट्ट्याने पंखा फिरवणे गैरसोयीचे. म्हणून त्याला स्वतःची विजेची मोटर दिली आणि पाणी ठरावीक अंशांपर्यंत तापले की ती सुरू करणारा स्विच दिला. यात फायदाही झाला. पट्ट्याचा पंखा गरज असो वा नसो, फिरतच राहतो. आणि पंख्याचा वेग दुप्पट झाला की तो खातो ती शक्ती आठपट होते. म्हणजे हमरस्त्यावर, जेव्हा त्याची मुळीच गरज नसते, नेमके तेव्हाच तो सर्वांत जास्त पेट्रोल खातो.

पट्ट्याच्या पंख्याविषयी आमचे म्हणणे थोडक्यात असे. पंखा मंद वाटला तर आधी पट्टा पाहावा. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला असता तो साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. त्याहून सैल असेल तर घसरतो, किंचाळतो आणि पंखा व पंप दोघांनाही उपाशी ठेवतो. फार ताठ असेल तर पंपाची बेअरिंग खातो. पट्ट्याची आतली बाजू चकचकीत काचेसारखी झाली असेल किंवा आडव्या चिरा पडल्या असतील तर बदलून टाकावा, आणि जुन्यातला बरा असेल तो डिकीत ठेवावा. मग इंजिन बंद करून पंखा दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवावा. खुळखुळा वाजल्यासारखा हलला तर दोष पंख्याचा नाही, पंपाच्या बेअरिंगचा आहे. पंपाखालून पाण्याचा ओघळ दिसला तर सीलही गेले समजावे.

आणि पाते? येथे मात्र काटकसर नको. पत्र्याचे पाते कुठे तरी आपटून वाकते. मिस्त्री ते ऐरणीवर ठेवून सरळ करतो आणि आपण त्याच्या कसबाचे कौतुक करतो. परंतु पत्रा एकदा वाकला, पुन्हा सरळ झाला, की त्या जागी तो कमजोर होतो. तार वाकवून वाकवून तुटते तसा. पंखा मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेत असतो. रिव्हेटजवळ केसासारखी चीर पडते, ती वाढते आणि एके दिवशी ते पाते सुटते. सुटलेले पाते रेडिएटर फाडते, बॉनेटला भोक पाडते, आणि कुणी वाकून इंजिनात पाहत असेल तर त्याच्या तोंडावर येते. यास्तव पंखा फिरत असताना त्याच्या रेषेत, म्हणजे फेकले गेलेले पाते जिकडे जाईल त्या बाजूला, उभे राहू नये. मुलांना तर मुळीच उभे करू नये. प्लॅस्टिकचे पाते तुटले तर त्यालाही तोच नियम. डिंकाने, एम-सीलने जोडलेले पाते इतरांपेक्षा जड होते, पंखा थरथरू लागतो, आणि ती थरथर पंपाची किंवा मोटरची बेअरिंग संपवते. पात्याला चीर दिसली की पंखा भंगारात. येथे दुरुस्ती नाही.

मोटरचे अगदी उलट. विजेचा पंखा फिरेनासा झाला म्हणून अख्खा पंखा मोटरसकट बदलणे हा बहुधा आळस असतो, क्वचित धंदाही असतो. आमच्या परिचयाचे एक शिक्षक आहेत. १९९७ सालची मारुती, एकट्याने जपलेली. एका उन्हाळ्यात त्यांच्या गाडीचा पंखा एका गॅरेजमध्ये दोनदा बदलला गेला. पंधरा दिवस बरे चालायचे, पुन्हा सिग्नलला काटा वर. तिसऱ्या खेपेस औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले एक टूलरूमचे कारागीर शेजारधर्म म्हणून आले. त्यांनी पंख्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मोटरची तार जेथे गाडीच्या पत्र्याला जोडली होती ती जागा पाहिली. बोल्टखाली हिरवा गंज चढला होता. पॉलिश कागदाने घासून पुन्हा आवळल्यावर पंखा गरगर फिरू लागला. दोष पाच मिनिटांचा होता. पण तोवर दोनदा उकळलेल्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड वाकले होते, गॅस्केट जळाले होते. हेड लेथवर नेऊन फेस करून आणावे लागले, आणि तो खर्च दोन्ही पंख्यांच्या किमतीहून जास्त झाला.

म्हणून तपास कोणत्या क्रमाने करायचा ते सांगतो. आधी फ्यूज. नवा टाकताच पुन्हा जळत असेल तर मोटर अडकली आहे किंवा तार कुठे तरी पत्र्याला टेकते आहे; जाड फ्यूज टाकून हा प्रश्न सोडवू नये, तारांना आग लागते. मग कपलर, म्हणजे तारांची जोडणी. ती काळी पडली, वितळली असेल तर वीज पोचतच नाही. मग तापमानाचा स्विच. बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत त्याच्या दोन तारा काढून एकमेकींना टेकवल्या आणि चावी चालू केली की पंखा फिरला पाहिजे. फिरला, तर मोटर निर्दोष आणि स्विच गुन्हेगार. स्विच काढून एखाद्या टाकाऊ पातेल्यात पाणी तापवून त्यात त्याची टोके मल्टिमीटरने तपासता येतात. स्वयंपाकाचे पातेले मात्र वापरू नये, त्याला कूलंट लागलेले असते आणि ते विष आहे. एसीच्या गाडीत पुढे आणखी एक पंखा असू शकतो. तो फिरताना पाहून "फॅन चालू आहे" असे सांगणारेही भेटतात, तेव्हा कुठला पंखा ते विचारावे.

एवढे करून दोष मोटरचाच निघाला, तरी तिला टाकून देण्याची घाई नको. वीज दिल्यावर फिरत नाही, पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकताच सुरू होते, अशी मोटर कार्बन झिजल्याचे सांगत असते. नवे कार्बन, नवे बुश, आर्मेचरवरची काळी घासून काढणे एवढे काम ऑटो इलेक्ट्रिशियन करून देतो आणि मोटर पुढची काही वर्षे काढते. आर्मेचरच जळले असेल, करपल्याचा वास येत असेल, तर मात्र नवी घ्यावी.

यातला सर्वांत लाडका उपाय म्हणजे "डायरेक्ट". स्विच मिळत नाही, शोधायला वेळ नाही. मिस्त्री पंखा चावीवर जोडून देतो किंवा डॅशबोर्डखाली एक बटण बसवतो. रस्त्यात अडलेल्या माणसाला घरी पोचवण्यासाठी ठीक आहे, आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. परंतु तीच सोय कायमची झाली की बटण दाबायला विसरण्याचा दिवस येतो. आणि तो दिवस बहुधा गाडी चालवायला भावाला किंवा मुलीला दिलेली असते तोच, कारण बटणाचे गुपित तिला कुणी सांगितलेले नसते. चावीवर जोडलेला पंखा अष्टौप्रहर फिरून दोन वर्षांचे आयुष्य एका वर्षात संपवतो. त्यात तारेला फ्यूज नसेल तर अधिकच भीती. तापमानाचा स्विच ही फार मोठ्या किमतीची वस्तू नव्हे. आणवून घ्यावा.

पंखा घेण्याची वेळ आलीच तर जुना सोबत नेऊन व्यास, पात्यांची संख्या आणि मधल्या भोकाचे माप जुळवावे. गावात न मिळाल्यास पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस ही सुट्या भागांची जुनी ठाणी आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर काढलेले जुने भागही मिळतात. जुनी मोटर घ्यायला हरकत नाही. जुने पाते मात्र वर सांगितलेल्या कारणासाठी घेऊ नये. पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे किंवा पत्र्याचे कडे "अडचण होते" म्हणून काढून फेकलेले पुष्कळ गाड्यांत दिसते. ते शोभेचे नाही. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी कडेचीच गरम हवा पुन्हा पुन्हा घुसळत बसतो.

बसवण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावीच; पुष्कळ गाड्यांत चावी काढल्यावरही इंजिन गरम असले की पंखा आपणहून सुरू होतो, आणि बोटे त्याला ओळखत नाहीत. बसवून झाल्यावर एक वर्तमानपत्राचा कपटा समोरच्या जाळीपाशी धरावा. कागद आत ओढला जाऊन जाळीला चिकटला तर सर्व ठीक. बाहेर उडाला तर मोटरच्या तारा उलट जोडल्या आहेत. पंखा वारा पुढे ढकलतो आहे आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडतो आहे. तारा जागच्या जागी बदलल्या की काम झाले. पाते उलटे बसवले असेल तर गंमत वेगळी. वाऱ्याची दिशा बदलत नाही, फक्त जोर कमी होतो, आणि म्हणून ही चूक महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. कागद चिकटतो पण दुबळा चिकटतो असे वाटले तर पात्याची बाजू तपासावी.

पाण्याबद्दल न लिहिता थांबलो तर सदर अपुरे राहील. बोअरचे पाणी मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी जड. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि मग तो खोलून रॉडिंग करून घेण्याशिवाय गत्यंतर नसते. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याची सवय लागलेल्या या शहरात रेडिएटरलाही मिळेल ते पाणी पाजण्याची रीत पडली असल्यास नवल नाही. पण बॅटरीचे शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण एकदा भरले की दोन वर्षे बघावे लागत नाही. कूलंट चवीला गोड असते. डबा मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नये, सांडलेले लगेच पुसावे. आणि "आपल्याकडे उन्हाळा, थर्मोस्टॅट कशाला?" म्हणून तो काढून टाकण्याचा सल्ला मिळाला तर नम्रपणे नाही म्हणावे. थंड इंजिन पेट्रोल जास्त पिते आणि त्याचे तेलही लवकर खराब होते.

राहता राहिली रस्त्यात अडलेली मंडळी. काटा तांबड्यावर गेला आणि पंखा बंद आहे असे कळले, तर एसी बंद करावा, आणि गाडीला हीटर असल्यास तो पूर्ण सोडावा. ऐन उन्हात हे वेडेपणाचे वाटेल, पण हीटर म्हणजे दुसरा लहान रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो गाडीत आणून सोडतो. काचा उघडाव्यात, डबे पायाशी ठेवावेत आणि सावली बघून थांबावे. वाफ निघत असेल तर इंजिन तत्काळ बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नये; आत दाबाखालचे पाणी असते, झाकण सुटताच ते उसळून तोंड-हात भाजते. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, धातूला तडा जातो. निवल्यावर जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत सैल करावे, फुसफुस थांबू द्यावी, मग काढावे आणि इंजिन चालू ठेवून पाणी थोडे थोडे घालावे. शहराच्या गर्दीकडे परत फिरण्यापेक्षा मोकळा रस्ता धरून ५० च्या वेगाने पुढे गेलेले बरे. जालन्याच्या वेशीपर्यंत वारा पंख्याचे काम करील. वेशीच्या आत पहिली सावली दिसेल तेथे गाडी लावून बहिणीला फोन करावा, म्हणजे भाचा दुचाकीवरून येऊन डबे आधी घेऊन जाईल.